डब्यातला भुंगा

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पण ज्या खोलीत हे घडलं त्या खोलीत मी लहानपणापासून लोळले आहे, आणि ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मामा आहे. मामा दातांच्या कवळ्या बनवतो. एखादा दात केसभर पुढे आला तरी त्याला अन्न गोड लागत नाही. अशा माणसाला भास होत असतील, तर मग आपल्यासारख्यांचं काही खरं नाही.

आणखी एक. भुताच्या गोष्टी मध्यरात्री घडतात म्हणे. ही तशी नाही.

ही दिवेलागणीला घडायची... रोज... संध्याकाळचा चहा झाल्यावर.

मामाचं घर तिसऱ्या मजल्यावर. मागच्या खोलीत खिडकीला लागून एक लांब टेबल. टेबलाच्या एका टोकाला प्लास्टरचे जबडे, मेण, कानशी, बारीक टोकदार हत्यारं. खाली गल्लीत कपड्यांना इस्त्री करणाऱ्याचं दुकान, त्यामुळे खोलीत कायम गरम कापडाचा वास. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आपल्या हातचं आहे, असं मामा ऐटीत सांगायचा. मामी म्हणायची, "म्हणूनच मेले सगळे एकसारखे हसतात."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मामाचा छंद. रेकॉर्ड प्लेअर, आणि त्याच्या शेजारी तो डबा.

रेकॉर्डवरून सुई जो आवाज उचलते तो अगदी क्षीण असतो. तो मोठा करून पुढे पाठवायला मध्ये एक यंत्र लागतं. त्याला प्रीअँप म्हणतात. तयार मिळतो, पण तयार वस्तू विकत आणेल तर तो मामा कसला. त्याने जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा प्रीअँप घरीच बनवायला घेतला. अॅल्युमिनियमचा डबा आणला, त्याला भोकं पाडली. मामीने तो बघून नाक मुरडलं.

"अहो, हा जेवणाचा डबा वाटतोय. बाहेरच्या खोलीत नेलात तर पाहुणे उघडून बघतील."

मग एका दुपारी मामा कवळ्या पोचवायला गेला असताना तिने गॅलरीच्या कठड्याचा उरलेला हिरवा रंग काढला आणि डबा रंगवून टाकला. चांगले दोन जाड हात. बाहेरून तर रंगवलाच, आतूनही रंगवला. आत कोण बघणार आहे, असं मामाने विचारलं तर म्हणाली, "कोणी बघत नाही म्हणून अर्धवट सोडायचं का?" झाकण तेवढं मामाने कोरं ठेवायला लावलं. व्हॉल्व्ह तापले की रंगाचा वास सुटेल म्हणून.

डबा भरून झाला. मामाने बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले...

आणि गाण्याच्या आधी आवाज आला.

घूंऽऽऽ...

बारीक. सलग. न थांबणारा.

"आत भुंगा कोंडलाय की काय?" मामी म्हणाली. तेव्हापासून घरात त्या आवाजाला भुंगा हेच नाव पडलं.

मामा त्या भुंग्याच्या मागे हात धुऊन लागला. ट्रान्सफॉर्मर लांब नेला, तारा पिळून घेतल्या, व्हॉल्व्ह बदलले. त्याचा एक मित्र आहे, त्याला सगळे रेडिओवाला म्हणतात. त्याचा सल्ला घेतला. रेडिओवाल्याला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या घरी कुठल्याच यंत्रात दोष नसतो. पण डोकं शाबूत आहे. त्याने सांगितलं, "शेवटच्या व्हॉल्व्हपासून उलटा मागे ये. एकेक काढत जा. कुठे थांबतो ते बघ."

कुठेच थांबेना.

थांबायचा तो फक्त एका गोष्टीने. मामीच्या हाताने.

मामीचे हात बारा महिने गार. संध्याकाळी ती मामाशेजारी स्टुलावर बसायची आणि ऊब घ्यायला डब्याच्या झाकणावर, उजव्या कोपऱ्यात, हात टेकायची. हात टेकला की भुंगा गप्प. उचलला की पुन्हा घूंऽऽऽ. यात भुताटकी काही नव्हती. आतल्या तारांचं आणि डब्याचं अर्थिंग कुठेतरी नीट होत नव्हतं, ते माणसाच्या अंगातून होत होतं, इतकंच. मामाला ते कळत होतं. पण हात असला की दोष झाकला जायचा, आणि दोष दिसल्याशिवाय सापडणार कसा?

म्हणून तो रोज म्हणायचा, "हात काढ गं जरा."

ती काढायची. पाच मिनिटांनी पुन्हा ठेवायची. "तुम्ही शोधा तुमचा भुंगा. मला गाणं ऐकू दे."

मामीची एक सवय होती. रेकॉर्ड चालू असताना ती मधेच उठायची नाही. गाणाऱ्याचा अपमान होतो म्हणायची. पाय दुखले तरी सुई उचलेपर्यंत बसून राहायची आणि मग विचारायची, "उठू का आता?"

मग मामी गेली.

हे मला लांबवायचं नाही. सकाळी ओट्याशी चक्कर येऊन पडली, इस्पितळात नेली, ती परत घरी आलीच नाही. डोक्यात रक्तस्राव झाला असं डॉक्टर म्हणाले. आदल्या संध्याकाळी ती त्याच स्टुलावर बसली होती. तिच्याशी शेवटचं काय बोललो ते मामाला पक्कं आठवतं, कारण ते तो रोजच बोलायचा.

"हात काढ गं जरा."

मागची खोली कितीतरी दिवस बंदच राहिली. दातांच्या डॉक्टरांचे फोन यायचे, बिनदाताचे लोक वाट बघत होते. शेवटी मामा कामाला बसला. आणि एका संध्याकाळी, हातातलं काम संपल्यावर, त्याने डब्याचं बटण दाबलं.

घूंऽऽऽ...

त्याला बरं वाटलं म्हणे. घरात ओळखीचा काहीतरी आवाज झाला.

त्याने मामीच्या आवडीची रेकॉर्ड लावली. एका बाईच्या आवाजातली संथ गाणी. सुई टेकवली. भुंगा चालूच होता, गाण्याच्या खाली, नेहमीसारखा.

आणि मग...

भुंगा थांबला.

एकदम. कोणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा.

गाणं स्वच्छ ऐकू येत होतं. मामाचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते.

रेकॉर्डची बाजू संपली. त्याने सुई उचलली.

घूंऽऽऽ...

मामा घाबरला का? मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "आधी मला रागच आला. एवढे दिवस शोधतोय, आणि हा आपोआप थांबतो म्हणजे काय?" एखादा सांधा सैल असणार, व्हॉल्व्ह तापले की जुळत असणार, असं त्याने धरलं. दुसऱ्या दिवशी सगळे सांधे नव्याने केले.

संध्याकाळी पुन्हा तेच.

त्याने फ्रीज बंद करून बघितला. ट्यूबलाइट घालवली. खाली जाऊन इस्त्रीवाल्याला विचारलं, तू इस्त्री कधी बंद करतोस? तो म्हणाला, जेवायच्या वेळेला. म्हणजे तेही नाही. रेडिओवाल्याला दुपारी बोलावलं. तो डब्याला कान लावून बसला, त्यालासुद्धा भुंगा ऐकू आला, आणि तो काही केल्या थांबला नाही. रेडिओवाला चहा पिऊन गेला. दिवे लागले. मामाने रेकॉर्ड लावली...

थांबला.

एकदा त्याने मुद्दाम उशीर केला. भुंगाही उशिरा थांबला. एकदा रेकॉर्ड लावलीच नाही, नुसता डबा चालू ठेवून बसला. त्या संध्याकाळी भुंगा थांबलाच नाही. गाणं सुरू झाल्याशिवाय तो थांबत नव्हता.

मामाने तेव्हा पहिल्यांदा स्टुलाकडे नीट बघितलं.

मग त्याने झाकणावर बोटं फिरवली. व्हॉल्व्हमुळे झाकण तापलेलं होतं. डावीकडे गरम. मध्ये गरम.

उजव्या कोपऱ्यात... गार.

तळहाताएवढी जागा. तेवढीच.

मामाने बोटं मागे घेतली. तो मला म्हणाला, "मी तिच्या हातावर हात ठेवायला हवा होता गं. पण माझा धीर झाला नाही."

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. माझ्या मामेबहिणीला, म्हणजे त्याच्या मुलीला, संशय आला तो फोनवरून. बाबा संध्याकाळी फोन उचलत नाहीत. उचलला तर, "नंतर कर, आम्ही गाणं ऐकतोय." आम्ही?

ती इस्पितळात रक्त तपासण्याचं काम करते. थापा मारणाऱ्यांतली नाही, आणि ऐकून घेणाऱ्यांतलीही नाही. रजा टाकून ती आली. बाबांना आपल्या घरी न्यायचं, असं ठरवूनच आली होती.

संध्याकाळी ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मामाने काहीच लपवलं नाही. बटण दाबलं, रेकॉर्ड लावली.

घूंऽऽऽ... आणि मग शांत.

"लूज कॉन्टॅक्ट आहे, बाबा."

"हात लावून बघ. तिथे नको, कोपऱ्यात."

तिने लावला आणि झटकन मागे घेतला. तिचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "खिडकीतून वारा येतोय."

खिडकी बंद होती.

मामा मग स्टुलाकडे बघून, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला,

"हात काढ गं जरा."

...घूंऽऽऽ.

बहीण दाराला धरून उभी राहिली. मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी तो कसाबसा म्हणाला,

"ठेव. ठेव परत. चुकलो मी."

भुंगा थांबला.

त्या संध्याकाळी बहिणीने बाबांना न्यायचा विषय काढला नाही. ती तिथेच राहिली. पुढचे काही दिवस तिने जे बघितलं, त्याने ती जास्त घाबरली.

कारण मामा खूश होता.

तो रेकॉर्डमागून रेकॉर्ड लावायचा. एक बाजू संपायच्या आत दुसरी हातात तयार. जेवण गार व्हायचं. डॉक्टरांच्या कवळ्या अर्धवट पडलेल्या. इस्त्रीवाला दुकान बंद करून घरी जायचा तरी वर गाणं चालूच. सुई उचलून ती पुन्हा टेकवेपर्यंत जो क्षण जायचा, तेवढाही मामाला सहन व्हायचा नाही. त्या क्षणात भुंगा यायचा ना.

आणि मग भुंगा बदलायला लागला.

थांबायचा... पुन्हा अर्धवट यायचा... पुन्हा थांबायचा. थरथरत. जसा एखादा दमलेला हात निसटतो आणि पुन्हा नेटाने टेकवला जातो.

मामा म्हणाला, व्हॉल्व्ह जुने झाले.

मग बहीण म्हणाली, "बाबा, आई एवढा वेळ कधी बसली होती का हो?"

मामाने पुढची रेकॉर्ड हातात घेतली.

"तिचे पाय दुखायचे. पण रेकॉर्ड चालू असताना ती उठायची नाही. तुम्ही एकामागून एक लावताय. तिने उठायचं कधी?"

रेकॉर्ड चालू होती. भुंगा थरथरत आला आणि गेला.

"तुम्ही सुई उचलता तेव्हा ती विचारत असेल," बहीण म्हणाली आणि तिला रडू आलं. "तुम्ही तेवढी सवड तरी देता का तिला?"

मामाने सुई उचलली. डबा बंद केला. त्या रात्री बापलेक दोघंही जेवली नाहीत.

सकाळी बहिणीने त्याला एक साधा प्रश्न विचारला. "हात लावला की थांबतो म्हणता, तर डब्याचं आणि आतल्या तारांचं अर्थिंग तपासलंत का?"

"दहादा. सगळ्या तारा एकत्र करून मागच्या पत्र्याला स्क्रूने जोडल्यात. स्क्रू घट्ट आहे. मीटर लावला की वाजतो, म्हणजे जोड पक्का."

"मीटर कुठे कुठे लावलात?"

"एक टोक तारेला, दुसरं स्क्रूला."

"डब्याला?"

मामाने मीटरचं एक टोक स्क्रूला लावलं आणि दुसरं झाकणाच्या कोऱ्या धातूला.

मीटर वाजला नाही.

त्याने स्क्रू काढला. खाली हिरवा रंग होता. भोकाच्या कडेलाही रंग. आतूनही रंग, दोन जाड हात. एवढ्या घट्ट स्क्रूवर कोण संशय घेणार? स्क्रू घट्टच होता, पण तो पत्र्याला टेकलेलाच नव्हता. तो मामीच्या रंगावर टेकला होता.

इतके दिवस शोधलेला दोष सापडला. नखाएवढा रंग खरवडला की काम झालं.

मामाने स्क्रू होता तसा परत बसवला आणि झाकण लावून टाकलं.

बहिणीला त्यामागचं कारण कळत होतं. दोष काढला तर भुंगा कायमचा जाणार. आणि भुंगाच नसेल तर तो थांबणार कसा? आई येऊन बसली आहे, हे कळणार कशावरून?

त्या संध्याकाळी मामाने एकच रेकॉर्ड लावली. भुंगा थांबायला वेळ लागला. थांबला तोही धड नाही. गाण्याभर तो येत राहिला, जात राहिला, येत राहिला. मामा ऐकत होता. बाजू संपत आली तेव्हा तर तो सारखाच थरथरत होता, तरी हात निघत नव्हता. बाजू संपेपर्यंत नाही.

सुई उचलली गेली. घूंऽऽऽ...

मामाने बटण बंद केलं, प्लग काढला, डबा जबड्यांच्या बाजूला, दिव्याखाली ओढला.

कवळ्या घासायचं एक बारीक हत्यार असतं, ते घेतलं. आणि रंग खरवडायला बसला.

रंग चांगला लागला होता. मामीच्या हातचं काम. सहज निघेना. मामा थोडं खरवडायचा, थांबायचा, चष्मा पुसायचा. हिरवी भुकटी त्याने फुंकरीने उडवली नाही. बोटाने गोळा करून एका कागदावर ठेवली. बहिणीने मदत करू का विचारलं तर नुसती मान हलवली. अखेर खालचा पत्रा चमकला. त्याने तारा लावल्या, स्क्रू आवळला. या वेळी मीटर वाजला.

बटण दाबलं. व्हॉल्व्ह तांबूस झाले.

काहीच आवाज नाही.

मामाने तीच रेकॉर्ड लावली. इतकं स्वच्छ गाणं त्या खोलीत कधीच कोणी ऐकलं नव्हतं. बाईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मामा खाली मान घालून शेवटपर्यंत बसला.

बाजू संपली. त्याने सुई उचलली. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

"झालं," मामा म्हणाला. "सापडला मला भुंगा. आता धरून बसायला नको. ऊठ तू."

कोणी उठल्याचा आवाज झाला नाही. पडदा हलला नाही. दिवा मिणमिणला नाही. मामाने झाकणाच्या उजव्या कोपऱ्यावर तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला.

भाजलं त्याला.

मग तो लहान मुलासारखा रडला. मामी गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता, असं बहीण म्हणते.

या सगळ्याचा अर्थ काय लावायचा, मला माहीत नाही. दोष अर्थिंगचा होता, हे खरं. पण माणसाने हात न लावता भुंगा का थांबायचा, याचं उत्तर रेडिओवाल्याकडेही नाही. "हात काढ" म्हटल्यावर तो परत का यायचा, हे तर त्याला आम्ही विचारलंच नाही.

मामा आता बरा आहे. वेळेवर जेवतो, कवळ्या वेळेवर देतो. मुलीकडे राहायला मात्र जात नाही. संध्याकाळी एकच रेकॉर्ड ऐकतो.

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे गेले होते. आम्ही दोघं मागच्या खोलीत बसलो होतो, गाणं चालू होतं. मला राहवेना.

"मामा, एकदा तो स्क्रू सैल करून बघू या का? मला तो भुंगा ऐकायचाय."

"नको."

"का?"

मामा हातातल्या जबड्यावरची प्लास्टरची भुकटी पुसत होता.

"सैल केला आणि भुंगा वाजतच राहिला, तर ती गेली," तो म्हणाला. "कायमची."

"आणि थांबला तर?"

तो बराच वेळ पुसत राहिला. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"तर मग ती अजून उठलेली नाही."

मला खरं तर तेव्हाच निघायचं होतं. उशीर होत होता. पण गाणं अजून चालू होतं, आणि सुई उचलली जाईपर्यंत मी जागेवरून हलले नाही. शेजारच्या स्टुलाकडेही बघितलं नाही.